थेम्सकांठचें केल्मस्कॉट

थेम्स नदी म्हटली म्हणजे लंडनचे पूल, पार्लमेंटाचें घड्याळ आणि गोदींत उभीं असलेलीं जहाजें हींच चित्रें बहुधा डोळ्यांपुढें येतात. परंतु लंडनला पोंचण्यापूर्वीं ही नदी कित्येक मैल अगदीं निराळ्या मुलखांतून वाहत येते. ग्लॉस्टरशायरमधील लेचलेड या गांवापाशीं ती मोठ्या नावा चालण्याजोगी होते. तेथून दोनतीन मैल खालीं, डाव्या कांठाला, ऑक्सफर्डशायरच्या अगदीं कोंपऱ्यांत केल्मस्कॉट नांवाचें खेडें आहे. वस्ती दोनशेंच्या आसपास. एक लहानसें चर्च, 'नांगर' या अर्थाचें नांव धारण करणारें एक जुनें विश्रांतिगृह, कांहीं शेतवाड्या, आणि दगडी घरांच्या दोनचार ओळी. एवढाच त्याचा पसारा. शाळेंतल्या इतिहासाच्या पुस्तकांत या गांवाचें नांव सांपडावयाचें नाहीं. तरीहि जुन्या वास्तूंचें जतन कसें करावें याविषयींचा जो विचार आज जगभर मानला जातो, त्याच्या उगमाशीं या खेड्याचा फार जवळचा संबंध आहे.

नदी येथें रुंद नाहीं. कृष्णा-गोदावरींचीं पात्रें पाहिलेल्या माणसाला ती एखाद्या मोठ्या ओढ्याएवढीच वाटेल. तिला घाट नाहींत, वाळवंट नाहीं. गवत थेट पाण्याला भिडलेलें असतें. दोन्ही बाजूंस सपाट, चिकण मातीचीं कुरणें. हिवाळ्यांत नदी कांठ सोडते तेव्हां तीं पाण्याखालीं जातात, आणि त्याच गाळावर पुढें जूनमध्यें दाट गवत माजतें. हें गवत कापून वाळविलें म्हणजे हिवाळ्यांतील गुरांची बेगमी झाली; म्हणून गवताची कापणी हा येथल्या वर्षांतला मोठा हंगाम असे. कांठावर विलोचीं झाडें आहेत. आपल्याकडील वाळुंज हें त्याच जातीचें झाड. दर कांहीं वर्षांनीं माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर तीं छाटून टाकावयाचीं, म्हणजे गुरांचें तोंड पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं नवे सरळ फोंक फुटतात. त्यांच्या टोपल्या होत, कुंपणाचे तट्टे होत, अवजारांचे दांडे होत. वारंवार छाटलेलीं हीं झाडें मोठीं विचित्र दिसतात. खोड म्हाताऱ्याचें आणि डोक्यावर केस पोराचे!

या भागांतली नदीवरची रहदारी पूर्वीं मोठी कटकटीची होती. ठिकठिकाणीं पात्रांत आडवी तुळई घालून तिला उभ्या दांड्या लावलेल्या असत आणि त्या दांड्यांना टेकवून फळ्या बसविलेल्या असत. पाणी या फळ्यांमागें तुंबून राही. नाव आली कीं रखवालदार एकेक फळी उपसून काढी, तुंबलेल्या पाण्याचा लोंढा सुटे आणि खालीं जाणारी नाव त्या लोंढ्यावर स्वार होऊन पार होई. वर जाणाऱ्या नावेला मात्र तो जोर ओसरेपर्यंत वाट पाहावी लागे, आणि मग दोरानें ओढून घ्यावें लागे. पुढें दुहेरी दरवाजांचे हौद बांधले गेले आणि ही जुनी रीत एकेका ठिकाणाहून नाहींशी झाली. थेम्सवरील अशा तऱ्हेचा अखेरचा बंधारा केल्मस्कॉटजवळच ईटन येथें होता. तो १९३० नंतरच्या दशकांत काढून टाकण्यांत आला. जगाच्या व्यापाराचें केंद्र बनलेल्या नदीच्या वरच्या अंगाला मध्ययुगांतली युक्ति इतकीं वर्षें टिकून होती, यावरून हा प्रदेश किती आडबाजूला पडला होता तें ध्यानांत येतें.

गांव उभारलें आहे तें दगडांतून. कॉट्सवोल्ड टेकड्या येथून फार दूर नाहींत, आणि त्यांच्या पोटांतला करडा, किंचित् पिवळसर झांक असलेला चुनखडीचा दगड हेंच या गांवाचें द्रव्य. भिंती दगडाच्या, खिडक्यांच्या चौकटी दगडाच्या, छपरें सुद्धां दगडाचीं. शेतांना आणि परसांना कुंपण हवें तर मोठमोठ्या फरशा शेजारीं शेजारीं उभ्या पुरावयाच्या. अशीं फरश्यांचीं कुंपणें या भागांत अद्याप दिसतात. छपराची रचना तर लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. पातळ थर सुटणाऱ्या दगडाच्या पाट्या काढून त्या कौलांप्रमाणें रचतात. वळचणीपाशीं सर्वांत मोठ्या पाट्या, आणि जसजसें वर जावें तसतशा त्या लहान होत जाऊन आढ्याशीं अगदीं वीतभर उरतात. खाणींतून निघणाऱ्या लहानमोठ्या सर्व पाट्या उपयोगांत याव्या आणि पाण्याचा भार जेथें अधिक तेथें सांधे कमी असावे, असा त्यांत व्यवहार आहे. पण माशाच्या खवल्यांकडे किंवा पक्ष्याच्या पिसांकडे पाहून होतो तसला आनंद या छपरांकडे पाहून होतो, असें ज्यानें लिहून ठेवलें तो माणूस गवंडी नव्हता किंवा त्या गांवचाहि नव्हता. त्याचें नांव विल्यम मॉरिस.

मॉरिसचा जन्म १८३४ सालीं लंडनजवळ वॉल्थमस्टो येथें झाला. कवि म्हणून त्याचें नांव झालें होतें; भिंतीवरचे कागद, छापील कापड, गालिचे, रंगीत कांचा यांची पेढी तो चालवीत होता. १८७१ च्या वसंतांत घरांच्या दलालाच्या यादींत त्याला केल्मस्कॉटमधील एका जुन्या शेतवाड्याची जाहिरात आढळली. टर्नर नांवाच्या सधन शेतकरी घराण्यानें इ. स. १६०० च्या सुमारास बांधलेलें आणि पुढच्या पिढींत वाढविलेलें हें घर. त्याला 'मॅनर' म्हणजे जहागीरदाराचा वाडा असें भारदस्त नांव पुढें मिळालें. पण मूळ तें शेतकऱ्याचेंच घर, शेणागोठ्याच्या शेजारचें. मॉरिसनें आपला मित्र, चित्रकार व कवि रोझेटी याच्याबरोबर तें भाड्यानें घेतलें, आणि पत्नी जेन व दोन लहान मुली यांना तेथें ठेवून तो स्वतः त्याच उन्हाळ्यांत आइसलंडच्या प्रवासाला निघून गेला. जेन आणि रोझेटी यांचें परस्परांवर प्रेम होतें, आणि मॉरिसला तें ठाऊक होतें. त्या उन्हाळ्यांत रोझेटीनें काढलेल्या जेनच्या एका चित्रांत मागें नदी, चर्च आणि हें घर दिसतें. १८७४ सालीं रोझेटी तेथून गेला तो पुन्हां आला नाहीं. या प्रकरणाविषयीं इंग्रजींत पुस्तकांमागून पुस्तकें निघालीं आहेत. येथें त्यांत शिरण्याचें प्रयोजन नाहीं. इतकें खरें कीं ज्या घरांत त्याला इतकें दुःख भोगावें लागलें, त्याच घरावर मॉरिसनें मरेपर्यंत माया केली.

तो तेथें सबंध वर्ष कधींच राहिला नाहीं. धंदा लंडनमध्यें, उन्हाळ्यांत आणि सवड सांपडेल तेव्हां इकडे यावें, नदींत मासे धरावे, कुरणांतून भटकावें. १८७८ पासून त्याचें लंडनचें बिऱ्हाड हॅमरस्मिथ येथें थेम्सच्याच कांठीं होतें. त्या घराला त्यानें केल्मस्कॉट हेंच नांव दिलें. दोन्ही घरांजवळून वाहणारें पाणी एकच, याचें त्याला कौतुक वाटे. १८८० च्या आगस्टांत कुटुंब आणि मित्र यांना बरोबर घेऊन तो एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत नावेनें गेला. सुमारें सव्वाशें मैलांच्या या प्रवासाला जवळजवळ आठवडा लागला. वाटेंत स्वयंपाक त्यानें स्वतः केला.

त्याच्या नक्षीकामांत हा प्रदेश जागोजाग दिसतो. विलोच्या पानांचा त्याचा प्रसिद्ध भित्तिकागद १८८७ मधला. छापील कापडांच्या कित्येक नमुन्यांना त्यानें थेम्सला मिळणाऱ्या उपनद्यांचीं नांवें दिलीं. केल्मस्कॉटच्या बागेंत कस्तूर पक्षी जाळ्याखालीं शिरून स्ट्रॉबेरीचीं फळें पळवीत, त्यावरून १८८३ सालीं त्यानें एक नमुना काढला. हें कापड छापण्याची कृति मोठी खटपटीची होती. प्रथम सबंध कापड निळीच्या पिंपांत बुडवून गडद निळें करावयाचें. मग नक्षीच्या जागीं निळा रंग उडवून तेथें पांढरें काढावयाचें. त्यावर तांबडा आणि पिवळा चढवावयाचा. खनिज कोळशापासून निघणारे नवे रंग बाजारांत स्वस्त मिळत असतां त्यानें हा जुना निळीचा मार्ग स्वतः हात निळे करून शिकून घेतला होता. त्या काळीं इंग्लंडांत येणारी नीळ बहुतेक हिंदुस्थानांतून येत असे, आणि ती पिकविणाऱ्या बंगाली रयतेनें १८५९-६० मध्यें मळेवाल्यांविरुद्ध केलेला उठाव प्रसिद्धच आहे. केल्मस्कॉटच्या बागेंतल्या त्या पक्ष्यांमागचा निळा रंग इतक्या दुरून येत होता.

घराच्या भिंतींपलीकडे गांवांतले लोक कसे राहत होते? १८७० नंतर अमेरिकेंतून स्वस्त धान्य येऊं लागलें आणि इंग्लंडच्या शेतीला उतरती कळा लागली. दक्षिणेकडील परगण्यांतल्या शेतमजुरांची स्थिति त्यापूर्वींच हलाखीची होती. त्यांची मजुरी देशांत सर्वांत कमी. झोंपडी मालकाची, त्यामुळें काम गेलें कीं डोक्यावरचें छप्परहि जाई. १८७२ सालीं जोसेफ आर्च यानें शेतमजुरांचा संघ काढला आणि पुढच्याच वर्षीं याच ऑक्सफर्डशायरमधील ॲस्कट गांवीं संप झाला. संप मोडण्यास आलेल्या मजुरांना अडविल्याबद्दल सोळा बायकांना तुरुंगांत धाडण्यांत आलें. त्यांतल्या कांहींच्या कडेवर तान्हीं मुलें होतीं. केल्मस्कॉटसारखीं गांवें जशींच्या तशीं राहिलीं तीं कांहीं अंशीं या दारिद्र्यामुळेंच, हें विसरून चालावयाचें नाहीं. पैसा असता तर जुनीं दगडी छपरें उतरवून स्वस्त कौलें केव्हांच चढलीं असतीं. आणि मॉरिसचा स्वतःचा पैसा तरी कोठला? डेव्हनमधील तांब्याच्या खाणींत त्याच्या बापानें घेतलेल्या भागांचा. १८७५ पर्यंत तो स्वतः त्या कंपनीच्या संचालकांपैकीं एक होता. या विसंगतीची बोंच त्याला होती, आणि १८८३ सालीं तो उघडपणें समाजवादी चळवळींत शिरला.

पण त्यापूर्वींच एका निराळ्या कारणासाठीं त्यानें सार्वजनिक लढा सुरू केला होता, आणि त्याची ठिणगी पडली ती केल्मस्कॉटच्या शेजारीं. १८७६ सालीं घोडागाडींतून जात असतां बर्फर्ड या गांवीं तो थांबला. तेथल्या प्राचीन चर्चचा जीर्णोद्धार चालू होता. त्या काळचे नामांकित शिल्पकार चर्चच्या भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून काढीत, नंतरच्या शतकांत झालेलीं कामें पाडून टाकीत आणि तेराव्या शतकांत तें असें दिसत असावें अशा समजुतीनें नवीं कोरीव कामें बसवीत. मॉरिसनें हरकत घेतली तेव्हां तेथल्या धर्मोपदेशकानें, चर्च माझें आहे, मनांत आलें तर मी त्यांत डोकें खालीं पाय वर करून उभा राहीन, अशा अर्थाचें उत्तर दिलें असें सांगतात. पुढच्या वर्षीं ट्यूक्सबरी येथील मठाच्या चर्चवरहि तसाच प्रसंग येत असल्याचें त्यानें वाचलें. त्यानें वर्तमानपत्राला पत्र लिहिलें आणि १८७७ मध्येंच प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठीं एक संस्था स्थापन केली. 'खरवडणें' याच्याविरुद्ध असलेली म्हणून या संस्थेला मित्रमंडळींत गंमतीचें नांव पडलें तें खरवड-विरोधी या अर्थाचें.

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे पुण्यकर्माचा आहे. पडझड झालेलें देऊळ पुन्हां उभें करणारास आपण धन्य मानतों, आणि तें योग्यच आहे. म्हणून जीर्णोद्धाराला विरोध करणारा हा माणूस प्रथमदर्शनीं तऱ्हेवाईक वाटण्याचा संभव आहे. त्याचें म्हणणें साधें होतें. इमारत म्हणजे एका क्षणीं कोणीं तरी घडविलेली वस्तु नव्हे. अनेक पिढ्यांच्या हातांनीं तिच्यावर केलेलें काम ती अंगावर वागवीत असते. त्यांतल्या एका पिढीचें ठेवावयाचें आणि बाकीच्यांचें पुसावयाचें, हा अधिकार आपल्याला कोणीं दिला? ज्या कारागिरानें तो दगड कोरला त्याचें मन, त्याची मोकळीक आणि त्याचें जगणें आज राहिलेलें नाहीं. तेव्हां मजुरीवर राबणाऱ्या माणसाकडून त्याची नक्कल करवून घेणें म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणें होय. मग करावें काय? छपर गळूं देऊं नये. भिंत झुकली तर टेकू द्यावा, आणि तो टेकू आहे हें लपवूं नये. रोजची निगा ठेवावी. या इमारती आपल्या मालकीच्या नाहींत. आपल्या मागून येणारांसाठीं आपण त्यांचे राखणदार आहों. आपल्या एखाद्या हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडावर उत्साही भक्तांनीं चढविलेला तैलरंग ज्यानें पाहिला असेल, त्याला यांतलें मर्म निराळें सांगण्याची गरज नाहीं.

या विचाराचें फळ डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर लेचलेडच्या किंचित् वर नदीकांठींच असलेल्या इंगल्शम या ठिकाणीं जावें. तेथलें लहानसें चर्च मॉरिसच्या प्रयत्नानें १८८८ च्या सुमारास दुरुस्त झालें. दुरुस्त झालें म्हणजे पडूं दिलें नाहीं, एवढेंच. आंत गेलें कीं शेंकडों वर्षांपूर्वींचीं लाकडी कठड्यांचीं आसनें वांकडींतिकडीं तशींच आहेत. भिंतींवर एका काळच्या रंगीत लेखावर दुसऱ्या काळचा लेख, त्याखालून डोकावणारें तिसऱ्या काळचें चित्र. नीटनेटकें त्यांत कांहीं नाहीं, आणि त्यामुळेंच आंत पाऊल टाकणारा माणूस आपोआप आवाज खालीं आणतो.

मॉरिसची ही दृष्टि इंग्लंडपुरती नव्हती. १८७९ सालीं बर्मिंगहॅम येथें दिलेल्या व्याख्यानांत इंग्रजी व्यापार आणि राज्यकारभार यांनीं हिंदुस्थानांतील कारागिरी कशी मोडीत काढली हें त्यानें स्पष्ट सांगितलें. सरकारी तुरुंगांत कैद्यांकडून स्वस्त गालिचे विणवून घेण्याच्या पद्धतीवरहि टीका केली. त्याच वर्षीं हिंदी कलांची बाजू मांडल्याबद्दल डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांना कांहीं इंग्रज कलावंतांनीं जें पत्र पाठविलें, त्यावर मॉरिसची सही होती. हे बर्डवुड बेळगांवीं जन्मलेले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत ते अध्यापक होते, आणि आज डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचें नांव असलेल्या मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणींत त्यांचा हात होता. मॉरिसच्या मृत्यूनंतर त्याच्या छापखान्यांतील यंत्र हातोहात फिरत एका दुसऱ्या कॉट्सवोल्ड खेड्यांत राहणाऱ्या आनंद कुमारस्वामी यांच्याकडे गेलें. सिंहली कलेवरचा त्यांचा ग्रंथ १९०८ मध्यें याच यंत्रावर छापला गेला.

केल्मस्कॉट जगाला माहीत झालें तें मात्र एका कादंबरीमुळें. 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ही कथा १८९० सालीं त्याच्या समाजवादी साप्ताहिकांतून क्रमशः आली. तिचा नायक भावी काळांत जागा होतो. मालक-मजूर भेद उरलेला नाहीं, कारखान्यांचा धूर नाहीं, नदी स्वच्छ आहे. तो नावेंतून थेम्सच्या वरच्या अंगाला जातो आणि प्रवास संपतो तो गवताच्या कापणीच्या दिवसांत या गांवीं, या घरापाशीं. चर्चमध्यें कापणीच्या मेजवानीची तयारी झालेली असते. दारापाशीं उभ्या असलेल्या नायकाकडे मित्रांच्या नजरा वळतात, पण त्यांना तो दिसेनासा झालेला असतो. तो तसाच बाहेर पडतो आणि नदीकडे जाणाऱ्या वाटेवर त्याला एक माणूस भेटतो: वयानें फारसा मोठा नसावा, पण वांकलेला, फाटक्या मळक्या कपड्यांतला, आणि जातां जातां लाचारीनें टोपीला हात लावणारा. स्वप्न येथें मोडतें. तो म्हातारा भासणारा माणूस म्हणजे मॉरिसच्या वेळच्या केल्मस्कॉटचा खरा रहिवासी. घर, छपर, कुरणें, नदी यांत स्वप्नाला फारसा बदल करावा लागला नव्हता. बदलावें लागलें होतें तें या माणसाचें जिणें. पुस्तकाच्या आरंभीं या घराचें जें सुंदर चित्र छापलेलें असतें त्याच्या प्रती पुष्कळ ठिकाणीं टांगलेल्या दिसतात. शेवटच्या पानांतल्या माणसाची आठवण त्या मानानें कमी निघते.

३ ऑक्टोबर १८९६ रोजीं मॉरिस हॅमरस्मिथ येथें वारला. तीन दिवसांनीं त्याची शवपेटी आगगाडीनें लेचलेडला आणण्यांत आली. स्टेशनावर काळ्या घोड्यांचा शवरथ उभा नव्हता. शेतांतला गवताचा उघडा गाडा होता, पिवळ्या रंगाचा, तांबड्या चाकांचा. त्याला वेलींनीं आणि विलोच्या डहाळ्यांनीं सजविलें होतें. त्या दिवशीं वादळी पाऊस कोसळत होता. लंडनहून आलेले चित्रकार, लेखक, चळवळींतले सोबती, कारखान्यांतले कामगार आणि गांवांतले शेतकरी भिजत गाड्यामागून चालले. चर्चमध्यें सुगीच्या सणाची आरास तशीच होती. खांबांना कणसांच्या पेंढ्या बांधलेल्या, खिडक्यांत भाजीपाला मांडलेला. त्याची समाधि त्याचा मित्र, शिल्पकार फिलिप वेब यानें केली. ती एका लांबट दगडी घराच्या छपरासारखी आहे. पुढें पत्नी आणि दोन्ही मुली यांचीं नांवें त्याच दगडावर आलीं.

मॉरिस या घराचा आयुष्यभर भाडेकरूच राहिला. जेननें तें १९१३ सालीं विकत घेतलें आणि पुढच्याच वर्षीं ती वारली. तत्पूर्वीं १९०२ सालीं तिनें पतीच्या स्मरणार्थ गांवांत दोन जोडघरें बांधविलीं होतीं. स्मारक म्हणजे पुतळा किंवा कमान असें न मानतां राहतीं घरें बांधलीं, हें विशेष. त्यांच्या दर्शनी भिंतीवर झाडाखालीं बसलेल्या मॉरिसची आकृति कोरलेली आहे. धाकटी मुलगी मे ही भरतकामांत स्वतः मोठी कलावती. बापाच्या पेढींतील भरतकामाचा विभाग ती तेवीस वर्षांची असल्यापासून पाहत होती. बापाच्या चौखांबी पलंगाची झालर तिनें आणि तिच्या सोबतिणींनीं भरली, आणि तिच्यावरची कविता बापानें त्या पलंगासाठींच रचली होती. ही मे अखेरचीं वर्षें केल्मस्कॉटलाच राहिली. गांवकऱ्यांना एकत्र बसावयाला, नाचगाण्याला, व्याख्यानाला एक सभागृह असावें हा तिचा ध्यास. आराखडा अर्नेस्ट गिम्सन यानें करून दिला, पण तो १९१९ मध्यें वारला आणि पैशाची जुळवाजुळव होईतों पंधरा वर्षें गेलीं. शेवटीं मॉरिसच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९३४ च्या ऑक्टोबरांत, बर्नार्ड शॉ यांच्या हस्तें तें उघडलें. मुख्य प्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड हेहि त्या वेळीं हजर होते. दगडी भिंतींचें, दगडी छपराचें तें लहानसें सभागृह आजहि उभें आहे.

१९३८ सालीं मे वारली. घर आणि त्यांतील सर्व वस्तु तिनें ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिल्या. अट अशी कीं घरांत कांहींहि बदल करूं नये, आहे तसें ठेवावें. कन्येची ही भक्ति समजण्यासारखी आहे. पण घर असें मुठींत धरून टिकत नाहीं. विद्यापीठानें तें भाड्यानें दिलें; दुरुस्तीला पैसा अपुरा; भिंतींत ओल शिरली, लाकूड कुजूं लागलें. बापानें रोजच्या निगेचा जो मंत्र सांगितला होता तो बाजूला राहिला आणि न बदलण्याचें कलम तेवढें पाळलें गेलें, असेंच म्हणावें लागेल. १९६२ मध्यें न्यायालयांत ती देणगी अवैध ठरली आणि घर लंडनच्या पुराणवस्तु-संशोधक मंडळाकडे आलें. मंडळानें त्या दशकांत मोठी दुरुस्ती करून घर वांचविलें. अगदीं अलीकडे पुन्हां एकदां तें कांहीं काळ बंद ठेवून सर्व डागडुजी करण्यांत आली आणि २०२२ सालीं तें लोकांसाठीं उघडलें. सॅमसनच्या कथेचे जे विणलेले पडदे मॉरिस येण्यापूर्वींपासून त्या घरांत होते, ते त्याच दालनांत आहेत. त्यांचे रंग उडाले आहेत. उडालेल्या त्या रंगांतच ते अधिक शोभतात असें मॉरिसला वाटे.

गांव आतां संरक्षित क्षेत्र आहे. भिंत बांधावयाची तर दगडाची, छपर दुरुस्त करावयाचें तर त्याच जातीच्या पाट्यांनीं. आगगाडी १९६२ मध्यें बंद झाली. मॉरिसची शवपेटी ज्या स्टेशनावर उतरली तें आतां नाहीं. जवळच्या ब्राइझ नॉर्टनच्या लष्करी तळावरून उडणारीं प्रचंड विमानें मधूनमधून या शांततेवरून जातात. नदी अजून पूर्वींसारखीच कांठ सोडते. २००७ च्या जुलैमध्यें तर या सबंध खोऱ्याला तिनें हैराण केलें. मात्र जेथें वीसपंचवीस माणसें गवत कापीत तेथें आतां एक यंत्र फिरतें. मजुरांसाठीं बांधलेल्या झोंपड्या या भागांत आज इतक्या महाग झाल्या आहेत कीं शेतावर काम करणाऱ्या माणसाला त्यांतली एकहि घेणें परवडणार नाहीं. त्यांची किंमत वाढली तिला कारण त्यांचें सौंदर्य. आणि हें सौंदर्य पाहावयाला इंग्रजांना ज्यांनीं शिकविलें त्यांत मॉरिस पहिल्या रांगेंतला.

वसंतापासून शरद् ऋतूपर्यंत ठरलेल्या दिवशीं घर पाहावयास लोक येतात. कांहीं मोटारींतून, कांहीं नदीकांठच्या पायवाटेनें, तर कांहीं नावेंतून. घर पाहून झालें म्हणजे बहुतेक जण चर्चकडे वळतात. समाधीचा दगड आतां शेवाळानें आणि दगडफुलानें करडा झाला आहे, आणि जवळ जाऊन वांकल्याशिवाय त्यावरचीं नांवें वाचतां येत नाहींत.